जळला कीं जाळला?

'यंत्र' हा शब्द आपण इतक्या वेळां उच्चारतों कीं, त्याच्या पोटांत काय आहे हें पाहण्याचें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. 'यम्' म्हणजे आवरणें, ताब्यांत ठेवणें. त्या धातूपासून तो झाला. संयम, नियम, यंत्रणा हे सारे त्याच कुळांतले शब्द. अर्थात् जें धांवतें तें यंत्र नव्हे, तर जें धांवणाऱ्यास आवरून धरितें तें यंत्र, असा या शब्दाचा मूळ रोख आहे. चाळीस वर्षें वयाच्या मोटारीशीं ज्यांचा नित्य संबंध येतो, त्यांना हा अर्थ पटवून देण्याची गरज नाहीं. इंजिनाची व चाकांची आपण वाखाणणी करितों. परंतु गाडी माणसाच्या स्वाधीन आहे कीं माणूस गाडीच्या, हें ठरविणारीं साधनें फार लहान असतात आणि बहुधा दृष्टीआड असतात. त्यांपैकींच एकाविषयीं, म्हणजे सुकाणूच्या चाकाखालीं दांड्याला बिलगून बसलेल्या स्विचाविषयीं, येथें लिहावयाचें योजिलें आहे. विषय रूक्ष वाटल्यास वाचकांनीं क्षमा करावी. भगिनीवर्गानें मात्र पान उलटूं नये. कारण ही सर्व खटपट ज्यांच्यासाठीं झाली त्या माझ्या वहिनी आहेत.

गाडी 'प्रीमियर पद्मिनी', १९८५ सालची. माझ्या ज्येष्ठ बंधूंनीं ती नवी घेतली होती. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापन केलेल्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत ही गाडी तयार होत असे. मूळची ती इटलीची फियाट ११००. पुढें १९७० नंतरच्या दशकांत चितोडच्या राणीचें नांव तिला मिळालें. या शतकाच्या आरंभीं तिचें उत्पादन थांबलें, आणि मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली, कारण तेथें टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा आहे. आमच्याकडे खासगी गाडीस अशी सक्तीची निवृत्ति नाहीं. पंधरा वर्षें भरल्यावर दर पांच वर्षांनीं तिला तपासणीस न्यावें, ती उत्तीर्ण झाली कीं नोंदणी वाढवून घ्यावी, अशी व्यवस्था आहे. शिक्षकाला अठ्ठावन्न वर्षें पुरीं होतांच घरीं बसवितात. गाडीला निदान पुन्हां परीक्षेस बसण्याची संधि तरी मिळते!

बंधु २०१६ सालीं निवर्तले. गाडी वहिनींच्या नांवावर झाली आणि सारथ्य माझ्याकडे आलें. २०२२ पासून वहिनींचीं मूत्रपिंडें काम देईनाशीं झालीं. तेव्हांपासून सोमवार, बुधवार व शुक्रवार असे आठवड्यांतून तीन दिवस त्यांना वाईहून साताऱ्यास रक्तशुद्धीकरणासाठीं न्यावें लागतें. एका वेळेस चार तास यंत्राला जोडून घ्यावयाचें. पहिली पाळी सकाळीं साडेसहाची. म्हणजे पांच वाजतां घर सोडावें लागतें. ज्यांच्या घरीं हें दुखणें आहे त्यांना हें सांगावयास नको कीं, यांतली एक खेप चुकली तरी अंगावर सूज चढते, श्वास कोंडतो, आणि दुसऱ्या दिवशीं धांवाधांव करावी लागते. भाड्याची गाडी करून पाहिली होती. एके दिवशीं पहांटे चालक आलाच नाहीं. त्या दिवसानंतर वहिनींनीं भाड्याच्या गाडीचें नांव काढूं दिलें नाहीं. शिवाय पद्मिनीचा गिअर सुकाणूच्या दांड्यावर असल्यामुळें पुढील आसन अखंड आहे, आणि उपचारानंतर गळून गेलेल्या माणसाला तेथें ऐसपैस टेकतां येतें. एवढी सोय नव्या गाड्यांत मला तरी आढळली नाहीं.

डिसेंबर २०२४ मधील एका बुधवारची गोष्ट. गळिताचा हंगाम जोरांत होता. ऊस भरलेल्या ट्रॅक्टरांच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात आणि पुष्कळांच्या पाठीमागें लाल दिवा तर नसतोच, पण चमकणारी पट्टीहि नसते. वाई सोडून आम्ही पांचवडच्या रोखानें निघालों होतों. समोरून एक वाहन आलें म्हणून मीं दांडी ओढून 'अप्पर'चा 'डिपर' केला. (मोटारींतील उंच व नीच प्रकाशाला आपल्याकडील यच्चयावत् चालक हेंच म्हणतात, मीहि तेंच म्हणतों.) त्या सरशीं दोन्ही दिवे विझले. अंधार म्हणजे काय, हें शहरवासी माणसाला कळणें कठीण आहे. सुकाणू सरळ धरून मीं हळूहळू ब्रेक दाबला, दुसऱ्या हातानें दांडी हालविली. दोन-तीन हेलकाव्यांनंतर दिवे परत आले, तेव्हां उसाची एक ट्रॉली पंधरा पावलांवर उभी होती. बेकलाइट जळाल्याचा उग्र वास गाडींत भरला होता. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. सातारा जवळ आल्यावर मात्र त्यांनीं विचारलें, "भाऊजी, मघाशीं अंधार झाला, तो मला एकटीलाच झाला कीं सगळ्यांनाच?"

रक्तदाब उतरला कीं त्यांच्या डोळ्यांपुढें अंधारी येते, म्हणून हा प्रश्न. सगळ्यांनाच झाला, असें मीं सांगितलें, तेव्हां त्यांना बरें वाटलेलें दिसलें! मला अर्थातच बरें वाटलें नाहीं.

दिव्यांविषयीं कुरकूर त्याआधींपासूनच चालली होती. गेल्या कांहीं महिन्यांत रस्ता नीट दिसत नाहीं, अशी माझी तक्रार होती. चिरंजीव बंगळूरास असतात; त्यांचें मत असें कीं, गाडी मोडींत काढावी आणि माझें रात्रीचें सारथ्य बंद करावें, कारण दोष गाडीचा नसून पासष्टीच्या डोळ्यांचा आहे. घरांतूनहि या मताला पाठिंबा होता. नेत्रवैद्यांनीं दोन्ही डोळे तपासून, मोतीबिंदूची केवळ सुरुवात आहे, चष्म्यानें काम भागतें, असा निर्वाळा दिला; तरी घरांतील वाद मिटला नाहीं. वैद्याचा निर्णय आणि प्रत्यक्ष अनुभव यांत विरोध असला म्हणजे तिसरें प्रमाण शोधावें लागतें. तें प्रमाण शेवटीं मिळालें तें एका पत्र्याच्या शेडमध्यें.

शेडचा मालक माझा जुना विद्यार्थी. गाड्यांच्या वायरिंगचें काम करितो. संस्कृत हा विषय त्यानें कसाबसा तरून नेला होता. शुक्रवारीं दुपारीं साताऱ्याहून परत आल्यावर गाडी त्याच्याकडे नेली. सोमवारच्या पहांटेपूर्वीं ती चालती झाली पाहिजे, ही अट त्याला आधींच सांगितली. त्यानें दिवे लावावयास सांगितलें, चाकाखालच्या भागाला हात लावून पाहिला, नाक जवळ नेऊन वास घेतला आणि म्हणाला, "गुरुजी, स्विच जळला न्हाई, जाळलाय."

मी चमकलों. 'जळणें' आणि 'जाळणें'! अकर्मक क्रियापद आणि त्याचें प्रयोजक रूप यांतील भेद मीं तीस वर्षें फळ्यावर लिहून दाखविला असेल. पण इतक्या नेमक्या जागीं त्याचा प्रयोग झालेला मीं क्वचितच ऐकिला होता. जळला म्हटलें कीं प्रकरण संपतें. नवा बसवावा आणि घरीं जावें. जाळलाय म्हटलें कीं 'कोणीं?' हा प्रश्न उभा राहतो. दुरुस्तीची खरी सुरुवात त्या प्रश्नापासून झाली.

त्यानें प्रथम पुढची कांच काढून दिव्याचा गोळा बाहेर घेतला. त्यावर १००/९० असे आंकडे होते. म्हणजे अप्परला शंभर वॉट आणि डिपरला नव्वद. या गाड्यांच्या काळीं साध्या दिव्याची शक्ति ४५ व ४० वॉट असे. बंधूंच्या हयातींत हमरस्त्यावरील कोणा कारागिरानें 'लख्ख उजेड पडेल' असें सांगून हे बसवून दिले होते. आतां हिशेब पाहा. चाळीस वॉटांचे दोन दिवे म्हणजे ऐंशी वॉट. बारा व्होल्टांवर प्रवाह पावणेसात अँपिअरांच्या आंत. नव्वदाचे दोन म्हणजे एकशें ऐंशी वॉट. प्रवाह पंधरा अँपिअर. प्रवाह झाला सव्वादोन पट. परंतु वाटेंतील रोधांत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, म्हणून ती झाली पांच पट. आणि या गाडींत हा सारा प्रवाह चाकाखालच्या त्या इवल्याशा स्विचांतून जाऊनच दिव्याला मिळत होता. बैलगाडीच्या जुवाला आगगाडीचे डबे जोडावे, त्यांतला हा प्रकार.

मग त्यानें मल्टिमीटर लावून दोन ठिकाणचा दाब मोजला. दिवे चालू असतां बॅटरीपाशीं १२.२ व्होल्ट, दिव्यापाशीं अवघे ९.६. मधले २.६ व्होल्ट वाटेंतच गडप! तेरा अँपिअरांच्या आसपास प्रवाह धरिला तर तीसहून अधिक वॉटांची उष्णता होते. वायरींना डाग देण्याचें त्याचें विजेचें हत्यार ३५ वॉटांचें होतें. म्हणजे असें एक हत्यार रोज पहांटे तासभर आमच्या स्विचाच्या पोटांत तापत पडलेलें होतें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. याहून मौजेची गोष्ट पुढेंच आहे. तारेच्या दिव्याचा उजेड दाबाच्या साध्या प्रमाणांत उतरत नाहीं. तो दाबाच्या जवळजवळ साडेतीनच्या घाताप्रमाणें उतरतो. दाब एक-पंचमांशानें घटला कीं उजेड निम्म्याहूनहि कमी होतो. मीं कागदावर आंकडेमोड केली, तों नव्वद वॉटांच्या दिव्यापासून आम्हांला चाळीस वॉटांच्या दिव्याइतकाच प्रकाश मिळत होता असें निघालें. तो कागद मीं जपून ठेविला आणि त्याच संध्याकाळीं त्याचें छायाचित्र बंगळूरास रवाना केलें.

शनिवारीं सकाळीं स्विच उघडण्याचें काम झालें. हें काम घरीं करूं इच्छिणाऱ्यांसाठीं दोन गोष्टी सांगून ठेवितों. पहिली, बॅटरीची अर्थची पट्टी सोडविल्यावांचून एकाहि वायरीला हात लावूं नये. दुसरी, हॉर्नची टोपी काढून आंतला मोठा नट सैल केल्यावर तो दोन-तीन आट्यांवर तसाच राहूं द्यावा आणि मग चाक दोन्ही तळव्यांनीं आळीपाळीनें हालवावें. चाक दांड्याच्या दांत्यांवर घट्ट बसलेलें असतें; सुटतें तेव्हां एकदम सुटतें आणि नट पुरता काढलेला असल्यास थेट तोंडावर येतें. चाक आणि दांडा यांवर खडूची एक रेघ आधींच ओढावी, नाहींतर परत बसवितांना गाडी सरळ आणि चाक तिरपें असा देखावा होतो.

वायरींचे रंग चाळीस वर्षांत उडून गेले होते, सगळ्या मातकट. कोणती कोठली हें ओळखण्यासाठीं खुणेच्या चिठ्ठ्या बांधावयाचें ठरलें. आंकडे घालण्यापेक्षां माहेश्वर सूत्रांच्या क्रमानें अक्षरें घालावीं असें मीं सुचविलें. विद्यार्थी हंसला. "गुरुजी, तेव्हां पाठ झाली न्हाईत, आतां होतील," असें म्हणून त्यानें माझ्या हातून चिठ्ठ्या लिहवून घेतल्या; आणि खरोखरच, दुपारपर्यंत तो कोणती वायर मागावयाची ती अक्षरानें मागूं लागला.

स्विचाचे रिव्हेट कापून झांकण उघडलें तें एका कापडाच्या आंत धरून. कारण दांडी ठरलेल्या जागीं 'टक्' करून थांबते ती स्प्रिंग आणि पोलादी छर्रा यांच्या बळावर, आणि हे दोघे मोकळे झाले कीं सांपडावयाचे नाहींत. आंत दृश्य शोचनीय होतें. पितळी टिकल्या काळ्या ठिक्कर, एकीच्या मध्यें खळगा पडलेला. तिला दाबून धरणारी पट्टी तापून तापून मऊ पडलेली. एकदां पट्टीचा जोर गेला कीं स्पर्श ढिला होतो. स्पर्श ढिला कीं ठिणगी पडते. ठिणगीनें टिकली काळवंडते आणि रोध वाढतो. रोधानें आणखी उष्णता, उष्णतेनें पट्टी आणखी मऊ. न्यायशास्त्रांत याला चक्रकदोष म्हणतील. पूर्वीं केव्हां तरी कोणीं तरी त्या खळग्यांत कथलाचा गोळा भरून वेळ मारून नेली होती. कथील थोड्याशा उष्णतेनेंहि वितळतें. तें ओघळून शेजारच्या खांचेंत गेलें होतें आणि दांडी मधल्या जागीं येतांच दिवे विझत होते त्याचें कारण तेंच.

नवा स्विच मिळतो का, याचीहि चौकशी चालूच होती. पुण्याहून एका दुकानदारानें 'अगदी तोच' म्हणून एक एस. टी. नें पाठविला. तो हातांत घेतांच त्याचें वजन कळलें. भोंक दांड्यावर बसेना, टिकल्या पितळेच्या नव्हत्या, पितळेचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या होत्या. विद्यार्थ्यानें तो परत पुडक्यांत घातला.

जुन्याचीच डागडुजी करण्याचें ठरलें. खळगा पडलेली टिकली त्यानें काढून टाकली आणि निकामी झालेल्या एका मोठ्या विद्युत्-यंत्राच्या भागांतील चांदीची टिकली तेथें बसविली. बाकीच्या टिकल्या बारीक पॉलिश पेपरनें घांसून चकचकीत केल्या. आधीं कानस लावावयास मात्र त्यानें साफ नकार दिला, कारण कानसेनें ओरखडे उठतात आणि ओरखड्यांत पुन्हां काजळी धरते. मऊ पडलेल्या पट्टीच्या जागीं टेलिफोनच्या एका जुन्या उपकरणांतील फॉस्फर ब्राँझची पट्टी कापून घातली. वितळलेली खांच फायबरचा तुकडा कोरून भरून काढिली. छर्रा झिजला होता, तो सायकलच्या चाकांतील छर्ऱ्यानें बदलला. रिव्हेटांच्या जागीं बारीक पितळी स्क्रू आले, म्हणजे पुढच्या वेळीं उघडण्यास सोपें. हीं सर्व कामें मीं स्टुलावर बसून पाहिलीं. त्याचे हात जाड आहेत, नखांत ग्रीस आहे. पण त्या हातांत एवढीशी पट्टी ज्या हलकेपणानें वांकत होती, तो हलकेपणा माझ्या अक्षरांतहि कधीं नव्हता.

परंतु एवढ्यावर थांबलें असतें तर जाळणारा मोकळाच राहिला असता. म्हणून रविवारीं त्यानें दोन रिले बसविले, एक अप्परसाठीं, एक डिपरसाठीं. रिले म्हणजे डबीएवढें एक यंत्र. त्यावर चार पाय, आणि त्यांचे आंकडे जगभर बहुतेक तेच: ८५ व ८६ हे आंतल्या वेटोळ्याचे, ३० बॅटरीकडून येणाऱ्या जाड वायरीचा, ८७ दिव्याकडे जाणाऱ्या वायरीचा. चाकाखालचा स्विच आतां दिव्याला वीज देत नाहीं. तो केवळ वेटोळ्याला इशारा करितो. त्यासाठीं एका अँपिअरचा लहानसा अंश पुरतो. वेटोळें लोहचुंबक होतें, आंतली पट्टी ओढून घेतें आणि बॅटरीतील प्रवाह जवळच्या वाटेनें थेट दिव्यांत जातो. मला पुन्हां व्याकरण आठवलें. प्रयोजक वाक्यांत करविणारा एक असतो आणि करणारा दुसरा. स्विच हा आजवर स्वतः ओझें वाहत होता; आतां तो प्रयोजक कर्ता झाला आणि ओझें रिलेच्या डोक्यावर गेलें. हें मीं विद्यार्थ्याला समजावून सांगितलें. त्यानें मान डोलावली आणि बॅटरीजवळ प्रत्येक जाड वायरींत एकेक फ्यूज घालावयास विसरूं नये, एवढी पुस्ती जोडली. माझ्या वाक्यांत फ्यूजला जागा नव्हती!

दिवेहि बदलले. ६०/५५ वॉटांचे हॅलोजन, नेहमींचे, तपासणींत चालणारे. पुन्हां मोजणी केली. बॅटरीपाशीं १२.२ आणि दिव्यापाशीं ११.९. शेडसमोरच्या भिंतीवर डिपरचा उजेड पडला तेव्हां भिंतीवरील जाहिरातींतलीं बारीक अक्षरें मीं चष्म्यासह, पण विनासायास, मोठ्यानें वाचून दाखविलीं. मजुरी त्यानें रीतसर मागितली, आणि मीं रीतसर दिली. गुरुदक्षिणेच्या गोष्टी पुस्तकांत शोभतात. शेडला भाडें असतें.

एक गोष्ट मात्र साधली नाहीं. वळण संपल्यावर इंडिकेटरची दांडी आपोआप माघारी येते, ती चाकाच्या मुळाशीं असलेल्या एका जिभेमुळें. ती जीभ झिजून गेली आहे. ती नव्यानें घडविण्यास चाकाचा गाभाच बदलावा लागेल आणि तो मिळत नाहीं. विद्यार्थी म्हणाला, "तेवढं हातानं आणा, गुरुजी."

सोमवारीं पहांटे पांचाला आम्ही निघालों. रस्ता तोच, ट्रॉल्या त्याच. एकीची मागची बाजू शंभर पावलांवरून दिसली, उसाचें एक-एक कांडें वेगळें दिसण्याइतकी स्वच्छ. पुढें मार्च २०२५ मध्यें साताऱ्याच्या परिवहन कार्यालयांत गाडीची तपासणी झाली. निरीक्षकांनीं अप्पर-डिपर चार वेळां करावयास लाविलें, हॉर्न ऐकिला, ब्रेक पाहिले आणि नोंदणी पांच वर्षांनीं वाढली. चिरंजीवांनीं अभिनंदनाचें पत्र पाठविलें. डोळ्यांचा विषय त्यांत नव्हता.

पांचवडजवळ आम्हांला डावीकडे वळावें लागो वा उजवीकडे, आंतली टिकटिक वळण संपल्यावरहि चालूच राहते. माझें लक्ष रस्त्यावर असतें. वहिनी शालीतून एक बोट बाहेर काढतात आणि दांडीकडे दाखवून म्हणतात, "भाऊजी, राहिली."